पार्किन्सन्स: पाय अडतात तेव्हा डोक्यात काय चाललेलं असतं?

"डॉक्टरांपुढं सरळ चालून दाखवतात आणि घरी आले की न्हाणीच्या दारात अडतात. मुद्दाम करत असतील का?"

पार्किन्सन्सच्या पेशंटला घेऊन येणारे घरचे लोक हा प्रश्न बहुतेक वेळा पेशंट बाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून विचारतात. मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. जत, कवठेमहांकाळपासून पलीकडच्या कर्नाटकातल्या गावांपर्यंतची माणसं इथं दवाखान्याला येतात. गाव कुठलंही असो, प्रश्न तोच. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: "हल्ली विसरतातही. हा आजार पायांचा की डोक्याचा?"

मुद्दाम कुणी करत नाही, हे आधीच सांगून टाकते. पार्किन्सन्स झालेल्या माणसाला चालण्यासाठी डोकं वापरावं लागतं, तुमच्याआमच्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळं लक्ष, स्मरण, विचारांचा वेग यांची तब्येत बिघडली की चालणंही बिघडतं. एवढं घरात नीट समजलं तर बरीच चिडचिड थांबेल आणि काही खुब्याची हाडं मोडायची वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

आजार असतो कुठं?

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. थरथर, पुढं झुकलेलं अंग, धावल्यासारखी छोटी पावलं हे सगळं त्यांनी टिपलं. पण बुद्धी शाबूत राहते, असंही लिहून ठेवलं. पुढं कित्येक वर्षं हा निव्वळ हालचालींचा आजार मानला गेला. आपल्याकडं आजही 'कंपवात' म्हटलं की हात थरथरणंच डोळ्यांपुढं येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात ८५ लाखांहून जास्त लोकांना हा आजार होता.

मेंदूच्या खालच्या भागात, खोडासारखा जो भाग असतो तिथं, काळसर पेशींचा एक छोटा पुंजका आहे. या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि मेंदूच्या खोलातल्या काही केंद्रांना पुरवतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. हाताची थरथर किंवा चालण्यातला मंदपणा दिसायला लागतो, तोवर त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. वास न येणं, बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणं ही लक्षणं कित्येकांना त्याआधी काही वर्षं असतात. ती वयाच्या किंवा पित्ताच्या खात्यावर टाकली जातात.

आता महत्त्वाचं. डोपामिन ज्या केंद्रांना जातं, ती फक्त हालचालींची नाहीत. तिथूनच एक वाट कपाळामागच्या भागाकडं जाते, जिथं आपण बेत आखतो, एका कामावरून दुसऱ्याकडं वळतो, निर्णय घेतो. आणखी एक वाट मनाच्या उभारीकडं आणि इच्छेकडं जाते. या सगळ्या वाटा शेजारी शेजारी आहेत. डोपामिनचा तुटवडा पडला की झळ सगळ्यांनाच बसते, फक्त एकाच वेळी आणि एकसारखी नाही.

सवयीचं चालणं आणि लक्ष देऊन चालणं

पहिला फटका बसतो तो सवयीनं होणाऱ्या कामांच्या भागाला. चालणं, चालताना हात हलणं, शर्टाची बटणं लावणं, सही करणं. लहानपणी शिकलो आणि मग कधी विचारच करावा लागला नाही, अशी ही कामं.

सांगली जिल्ह्यातल्या माणसाला हे पाण्यावरून लगेच उमजेल. उताराच्या पाटाचं पाणी कुणी न ढकलता वाहतं. म्हैसाळ योजनेचं पाणी मात्र कृष्णेतून उचलून पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवावं लागतं. वीज आहे तोवर ते जतकडं सरकतं. निरोगी माणसाचं चालणं पाटाच्या पाण्यासारखं असतं. पार्किन्सन्समध्ये तो उतारच नाहीसा होतो आणि चालणं उपशाचं होऊन बसतं. प्रत्येक पाऊल उचलायला वीज लागते आणि ती वीज म्हणजे लक्ष.

बँकेत सही जुळत नाही म्हणून परत पाठवलेली माणसं मला भेटतात. आजारात अक्षर बारीक बारीक होत जातं. त्यांना कागद देऊन "मोठं लिहा" म्हटलं की पहिली ओळ चांगली टपोरी येते. तिसऱ्या ओळीला लक्ष सुटतं आणि अक्षर परत मुंगीएवढं. हातात ताकद आहे, लिहिता येतं. पण सवय जे काम फुकट करून द्यायची, ते आता दरवेळी लक्ष देऊन करावं लागतं.

दवाखान्यातल्या सरळ चालण्याचं कोडंही इथंच सुटतं. डॉक्टर म्हणतात, "चला बघू." समोर मोकळी जागा, सगळ्यांची नजर आपल्यावर. आबांचं सगळं लक्ष पावलांत. पंप पूर्ण दाबानं चालतो. घरी न्हाणीकडं निघताना खांद्यावर टॉवेल असतो, मनात पाणी तापलंय का हा विचार असतो, आणि मागून सून विचारते, "आबा, कुठं निघालासा?"

बोललं की पाय थांबतात ते का?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, असे एक आबा माझ्याकडं येतात. खुर्चीत बसवून विचारलं, शंभरातून सात वजा करत चला, तर त्र्याण्णव, शह्याऐंशी, एकोणऐंशी असं खडाखड सांगतात. मग तेच गणित व्हरांड्यात चालताना घातलं. त्र्याण्णव म्हणाले आणि पाऊल आखूड झालं. शह्याऐंशीला उजव्या पायाचा चवडा फरशीला चिकटल्यासारखा बसला; टाच उचलत होती, थरथरत होती, पण पंजा सुटेना. वरचं अंग मात्र पुढं गेलेलं. मी दंड धरला. एकोणऐंशी हे बरोबर उत्तर आलं आणि मग पाय सुटला.

धोका नेमका इथंच आहे. म्हातारपणी चालता चालता अवघड प्रश्न आला तर निरोगी माणूस सहसा उत्तर मागं टाकतो आणि तोल सांभाळतो. पार्किन्सन्सचे बरेच पेशंट उलटं करतात: उत्तर देतात आणि तोल सोडतात. घरच्यांना वाटतं, व्यवस्थित बोलत होते की, मग पडले कसे? बोलत होते, म्हणून पडले.

स्वीडनमध्ये १९९७ साली वृद्धांच्या निवासात एक साधी पाहणी झाली. चालताना गप्पा सुरू केल्यावर कोण थांबतं, एवढंच पाहिलं. ५८ जणांपैकी १२ जण थांबले आणि त्यातले १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. ही मंडळी सगळी पार्किन्सन्सची नव्हती. पण चालणं आणि लक्ष एकमेकांना किती बांधलेले असतात, हे इतक्या साध्या रीतीनं त्याआधी क्वचितच दिसलं असेल.

उंबरठा अडवतो आणि फरशीची रेष सोडवते

पाय जमिनीला खिळण्याला डॉक्टर 'फ्रीझिंग' म्हणतात. ते वाटेल तिथं होत नाही. दाराची चौकट, वळण, गर्दी, घाई, वाजणारा फोन ही त्याची ठरलेली ठिकाणं. दार दिसलं की मेंदूला एकदम दोन-तीन निर्णय घ्यावे लागतात: पाऊल किती टाकायचं, अंग कसं वळवायचं, चौकटीला धक्का लागेल का. तिथं सगळं अडतं. फ्रीझिंग होणाऱ्यांच्या चाचण्या घेतल्या तर एका गोष्टीवरून दुसरीवर लक्ष नेण्यात ते बाकीच्या पेशंटपेक्षा कमी पडतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

आणि हाच माणूस जिना झपझप चढतो! नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक व्हिडिओ प्रसिद्ध केला होता. त्यातला पेशंट दोन पावलं धड चालू शकत नाही, पण सायकलवर बसवला की सफाईनं चालवत जातो. मिलेहा सोनेजी या डिझायनरनं पार्किन्सन्स असलेल्या आपल्या काकांकडं पाहताना हेच हेरलं. जिना जमतो, सपाट फरशी जमत नाही. मग तिनं सपाट जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असं चित्र तयार केलं, आणि काका त्यावरून न अडता चालत गेले.

आतली सवय आज्ञा देईनाशी झाली की बाहेरची खूण ते काम करते. आडवी रंगीत पट्टी, काठीचं टोक, मोजलेले आकडे, ठेका. आपल्या भागातली पुष्कळ माणसं वारीला गेलेली असतात. टाळाच्या ठेक्यावर पावली अंगात मुरलेली असते. "ज्ञानोबा माउली तुकाराम" मनात धरून अडलेला पाय सुटलेला मी पाहिला आहे. ठेक्याचा उपयोग संशोधनानंही मान्य केलेला आहे, त्यामुळं यात संकोच नको.

पण एक अट आहे. खूण वापरायलाही लक्ष लागतं. पुढं विचारशक्ती फार मंदावली तर पट्टी समोर असूनही पेशंट तिचा वापर करायचा विसरतो. तेव्हा शेजारी उभं राहून सांगणारं माणूस लागतं.

मग विसरणं? ते अल्झायमरसारखं असतं का?

सुरुवातीला तरी नसतं. अल्झायमरमध्ये नवी गोष्ट डोक्यात उतरतच नाही. पार्किन्सन्समध्ये ती बहुतेक वेळा उतरलेली असते, फक्त वेळेवर हाताशी लागत नाही. थोडा धागा दिला की आठवते. त्याहून जास्त बिघडतं ते कामांची सांगड घालणं. एकीकडं कुकर, दुसरीकडं फोडणी, मध्ये दारावरची बेल, असा स्वयंपाक वर्षानुवर्षं केलेल्या काकूंचं सगळं एकदम करपायला लागतं. मोबाइलवरून पैसे पाठवताना चौथ्या पायरीला अडतं. अंतराचा अंदाज चुकतो. खुर्चीच्या अगदी कडेला बसतात आणि घसरतात.

विचारांचा वेगही मंदावतो. प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला वेळ लागतो, तेवढ्यात घरचं कुणीतरी उत्तर देऊन टाकतं. हे मी रोज पाहते आणि रोज वाईट वाटतं. आजारात चेहऱ्याचे स्नायूही कमी हलतात, आवाज बारीक होतो. म्हणून लोकांना वाटतं, यांना काही कळत नाही. कळत असतं. थांबा, मनात दहा अंक मोजा, उत्तर येतं.

उदासी आणि कशातच मन न लागणं ही याच आजाराची अंगं आहेत. उदासीवर औषधानं आणि बोलण्यानं फरक पडतो, म्हणून ती डॉक्टरांना सांगायलाच हवी.

"हात फार थरथरतो, म्हणजे डोक्यालाही धोका जास्त?"

साधारणपणे उलटं आढळतं. थरथर हेच मुख्य लक्षण असलेल्यांची बुद्धी तुलनेनं जास्त काळ टिकते. ज्यांना सुरुवातीपासून तोल, चालणं आणि ताठरपणा यांचा त्रास जास्त, त्यांच्यात विचारशक्ती लवकर मंदावण्याची शक्यता अधिक.

यामागं आणखी एक रसायन आहे, असिटिलकोलीन. ते तयार करणाऱ्या पेशींचा एक गट मेंदूच्या पुढच्या बाजूला तळाशी असतो आणि लक्ष देण्यासाठी लागतो. दुसरा खोडात असतो, त्याचा संबंध चालण्याशी आणि तोलाशी आहे. पार्किन्सन्स दोन्हींना पोखरतो. म्हणून लक्ष आणि तोल जोडीनं ढासळतात. डोपामिनची गोळी हा तुटवडा भरून काढत नाही; "गोळी वाढवली तरी पडणं थांबेना" ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. ब्रिटनमध्ये १३० पेशंटवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असिटिलकोलीन टिकवून धरणारं, स्मरणासाठी दिलं जाणारं रिव्हास्टिग्मिन हे औषध दिल्यावर पावलं जास्त एकसारखी पडू लागली. औषध डोक्याचं, सुधारणा पायांत. त्यानं मळमळ वगैरे त्रासही होतो, तेव्हा निर्णय न्यूरॉलॉजिस्टचाच.

"गोळ्यांनीच डोकं बिघडवलं"

या तक्रारीत तथ्य आहे, पण सगळ्या गोळ्यांना एकाच तराजूत घालू नका. लेव्होडोपा, म्हणजे वर सांगितलेली डोपामिनची गोळी, हे मुख्य औषध. ते बंद केलं तर माणूस आखडून पडेल. ते मनानं थांबवणं धोक्याचं आहे. थरथरीसाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही जुनी, स्वस्त गोळी मात्र असिटिलकोलीनच अडवते. तरुण पेशंटला ती चालून जाते. सत्तरीच्या माणसाला विसराळू आणि गोंधळलेलं करू शकते. वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून आणली जात असेल तर डॉक्टरांना एकदा जरूर विचारा. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या याच आजारावरच्या दुसऱ्या गोळ्यांनी काहींना भास होतात किंवा जुगाराची, खरेदीची अनावर ओढ लागते. आबा लपून लॉटरीची तिकिटं घ्यायला लागले तर आधी गोळ्यांची यादी बघा. भांडण नंतरही करता येईल.

खाजकुइलीचं चूर्ण घेणारे बरेच भेटतात. तिच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणून तर गुण येतो. पण गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर डोस किती झाला, हे कुणालाच कळत नाही. घेत असाल तर सांगा, लपवू नका.

गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक वाढला तर आजार वाढला असं धरू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवी सर्दी-खोकल्याची किंवा झोपेची गोळी, यांपैकी काहीतरी सापडण्याची शक्यता मोठी असते आणि ते दुरुस्त होतं.

"शेवटी भ्रमिष्ट होणारच का?"

सिडनीमध्ये पेशंटचा वीस वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. त्यात वीस वर्षांनंतर हयात असलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना डिमेन्शिया, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः करता येणार नाहीत इतका बुद्धीचा ऱ्हास, झालेला होता. आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण तो वीस वर्षांनंतरचा आहे, तोवर बहुतेकांचं वयही खूप झालेलं असतं. अलीकडच्या पाहण्यांत पहिल्या दहा वर्षांतलं प्रमाण पूर्वी वाटायचं त्याहून बरंच कमी दिसलं आहे. धोका खरा आहे. उद्याच दारात उभा आहे असं नाही.

खोलीत कुणीतरी आहे अशी चाहूल लागणं, कोपऱ्यात मांजर गेल्याचा भास, हे लवकर सांगण्यासारखं लक्षण आहे. लोक बाहेरचं काही लागलं म्हणून लपवतात आणि वेळ जातो.

"या वयात व्यायाम कशाला?"

माझ्या कामाचा विषय म्हणून नव्हे, पुराव्यामुळं आग्रह धरते. नेदरलँड्समध्ये १३० पेशंटपैकी निम्म्यांनी सहा महिने घरीच एका जागी बसवलेली व्यायामाची सायकल दम लागेल इतकी चालवली. बाकीच्यांनी ताणाचे हलके व्यायाम केले. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षात सायकलवाल्यांची हालचालींची लक्षणं तुलनेनं स्थिर राहिली होती. त्यातल्या काहींच्या मेंदूच्या तपासण्यांत पुढं लक्षावरचा ताबा सुधारल्याचंही आढळलं. पायांनी केलेला व्यायाम डोक्यापर्यंत पोहोचला.

दोन कामं एकत्र करायचा सरावही करता येतो, पण आजार सुरुवातीचा असेल, डोकं तल्लख असेल आणि शेजारी शिकलेलं माणूस असेल तरच. ज्यांचं लक्ष मुळातच कमी पडतं आहे, त्यांना आम्ही उलटं शिकवतो: एका वेळी एकच काम.

घरात काय करायचं

चालत्या माणसाला हाक मारू नका. काही सांगायचं असेल तर जवळ जा, ते थांबले की बोला. हातात चहाचा कप देऊन चालायला लावू नका. पाय अडला तर ओढू नका, "चला लवकर" म्हणू नका. घाईनं तो आणखी घट्ट बसतो. "थांबा, श्वास घ्या, वजन डाव्या पायावर, आता उजवा मोठा टाका" असं एकेक सांगा. न्हाणीच्या आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी फरशीवर पावलाच्या अंतरानं रंगीत चिकटपट्ट्या लावा. वळताना जागच्या जागी गर्रकन फिरू देऊ नका, मोठा वळसा घ्यायला सांगा. रात्री न्हाणीपर्यंत दिवा चालू ठेवा. लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतलेली बरी, कारण डाळ-दुधातली प्रथिनं तिला आत शिरताना अडवतात.

डॉक्टरांकडं जाताना थरथरीबरोबर विसरण्याचंही सांगा. बसून आणि उभं राहून, असं दोनदा रक्तदाब बघायला सांगा. उभं राहिल्यावर तो घसरत असेल तर तोल आणि लक्ष दोन्ही जातं. बी-१२ तपासून घ्या, शाकाहारी घरात तर नक्कीच. 'मोका' ही स्मरण, लक्ष वगैरे तपासणारी तीस गुणांची चाचणी दहा-पंधरा मिनिटांत होते. ती वर्षातून एकदा झाली तर घसरण वेळेत कळते. मेंदूत तार बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार असेल तर अशी तपासणी अधिक सविस्तर होतेच, कारण विचारशक्ती बरीच मंदावलेली असेल तर तिथं फायद्यापेक्षा नुकसान होऊ शकतं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईतही संस्था आहेत; फोनवर बोलूनसुद्धा धीर येतो.

आणि दवाखान्यात पाय अडणार नाही हे धरूनच चला. घरी अडतो तेव्हाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, पण आधी एकानं त्यांच्याजवळ उभं राहायचं. पाय आणि चौकट दोन्ही दिसू द्या. शेवटची गोळी किती वाजता घेतली होती, ते सुरुवातीलाच बोलून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.